पंचवीस जूनची चौथी ओळ

१ जून २०२५, रविवार

सकाळी फळ्यावर लिहिलं, '१९४८ : पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली.' संध्याकाळी पाहतो तर खाली कोणीतरी खडूनं जोड दिलेली, 'सोनाळ्याची अजून यायची आहे.' पुसून टाकली. स्वतःचं नाव धड लिहिता येत नाही असले लोकही आमच्या फळ्यावर अक्कल पाजळून जातात.

आमच्या सोनाळा गावच्या वाचनालयाच्या भिंतीवरचा हा दिनविशेषाचा फळा मी किती वर्षं लिहितो आहे ते आता मलाच आठवत नाही. आधी फळा, मग वावरात जाऊन वांग्याला पाणी. नियम अर्जुनरावांचा आहे. रोज तीनच ओळी. एक इतिहासाची, एक जयंती-पुण्यतिथीची आणि एक खेळाची. अर्जुनराव म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक. स्वतःला सोडून बाकी सगळ्यांना ते अजून मार्क देतात.

कागदोपत्री आज माझाही वाढदिवस. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा आजच. गुरुजींनी शाळेत नाव घालताना आम्हा सगळ्यांना सरसकट एक जून वाटून टाकली, आईला विचारायचे कष्टही घेतले नाहीत. म्हणून खऱ्या तारखेची किंमत मला कळते. माझ्या घरात एकच खरी तारीख आहे, २५ जून २०१८. त्या दिवशी पुण्याच्या राज्य स्पर्धेत माझ्या प्रतीक्षानं तीन हजार मीटरमध्ये पहिला नंबर काढला. सोनाळ्याचं माणूस राज्यात पहिलं आल्याचं मी तरी दुसरं ऐकलेलं नाही. आणि इतक्या वर्षांत ही ओळ एकदाही फळ्यावर गेली नाही. यंदा गेली पाहिजे. नाहीतर खडू अर्जुनरावांच्या हातात देऊन मी मोकळा होईन.

४ जून

वाचनालयाची बैठक झाली. डोकं अजून ठणकतं आहे.

पंचवीस जून ही तारीखच भांडखोर. १९३२ साली भारताचा पहिला कसोटी सामना लॉर्ड्सवर सुरू झाला तो त्याच दिवशी. १९८३ साली त्याच मैदानावर आपण विश्वचषक जिंकलो तोही त्याच दिवशी. १९५० साली कोरियातलं युद्ध त्याच दिवशी पेटलं. १९७५ साली आणीबाणी लागली ती त्याच दिवशी. बाकीच्या तारखांना कोणी कुत्रं विचारत नाही, मी पुस्तकं चाळून चाळून दमतो, आणि या एका दिवसावर सगळं जग येऊन पडलेलं.

शेषराव ग्रामपंचायतीत आहे. तो उठला आणि म्हणाला, "आणीबाणीले पन्नास वर्षं होऊन राह्यले. माहे काका जेलात होते. त्या दिवशी सगळा फळा आमचा."

मी म्हणालो, "फळा कोण्या काकाचा नाई. माह्या पोरीची एक ओळ त्याच्यावर जाईन."

अर्जुनराव चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "शालिग्रामभाऊ, आज तुमची पोरगी लिहिली, त उद्या कोणाचा बैल पोळ्यात पयला आला, थो बी ओळ मांगंन. गावातलं लिहायचं नाई, हा नियम आहे."

बैल! राज्यात पहिली आलेल्या पोरीची तुलना बैलाशी. मी खुर्ची सरकवून उठलो आणि जे तोंडात आलं ते बोललो. शेवटी अर्जुनराव म्हणाले, पुरावा आणा, प्रमाणपत्र आणा, फोटो आणा, मग पाहू. ज्या माणसानं तिच्या मिरवणुकीत स्वतः पेढा खाल्ला त्याला पुरावा पाहिजे.

रात्री प्रतीक्षाचा सासरहून, चिखलीहून फोन आला. "बाबा, मी पंधरा दिवस घरी येऊ काय? पोलीस भरती निघून राह्यली म्हणतात. मैदानात आठशे मीटर धावा लागते. इथं मले धावू देत नाई."

मी तिला बैठकीचं सगळं सविस्तर सांगितलं. अर्जुनराव काय म्हणाले, मी काय सुनावलं, यंदा तुझी ओळ लावूनच दाखवतो. तिनं 'बरं' म्हटलं आणि फोन आईला द्यायला सांगितला. मनातून हरखली असणार. प्रमाणपत्र मात्र तिच्याकडेच आहे, ते आणायला मला चिखलीला जावं लागेल.

१० जून

वटपौर्णिमा. बायको सत्यभामा वडाला जाऊन आली आणि आल्यापासून धुसफूस चालली आहे. सकाळी तिचं आणि प्रतीक्षाचं फोनवर बोलणं झालं. काय बोलल्या विचारलं तर म्हणते, "तुम्हाले ऐकायचं असन त तिलेच इचारा."

मला वेळ कुठे आहे? जुन्या वर्तमानपत्रातली तिची बातमी शोधतो आहे. कात्रण मीच जपून ठेवलं होतं, या घरात कोणती वस्तू जागेवर राहते?

१४ जून

चिखलीला जाऊन आलो. जाताना खामगावला गाडी बदलावी लागते, येताना तिथंच तासभर ताटकळलो. अंग मोडून आलं आहे, पण लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

जावईबापूंचं कृषी केंद्र पेरणीमुळे गच्च भरलेलं. तरी हर्षलरावांनी मला गादीवर बसवलं, माणूस पाठवून उसाचा रस मागवला. स्वभाव चांगला आहे. दुकानाच्या मागच्या टोकाला प्रतीक्षा बिलं करत बसली होती, डोक्यावर पदर. अंगानं सुटली आहे. सासर मानवलं म्हणायचं.

विहीणबाई चहा घेऊन आल्या, म्हणाल्या, "पोरगी चांगली आहे हो तुमची. पण पहाटे ट्रॅक पँट घालून गल्लीतून पळत जाती, लोकं काय म्हणतील? आम्ही बंद केलं." मी मान डोलावली. त्यांचंही खरं आहे. लग्न ठरवायच्या बैठकीत त्यांनी विचारलंच होतं, पोरगी पळते म्हणतात? मीच म्हणालो होतो, अहो ते कॉलेजपुरतं. इतकं चांगलं स्थळ, दुकान, गावात घर. असल्या गोष्टीवरून कोण मोडतं?

प्रमाणपत्र आणि फोटो घ्यायला आतल्या खोलीत गेलो. पेटी उघडता उघडता प्रतीक्षा हळूच म्हणाली, "बाबा, आजच्या गाडीनं मलेबी घेऊन चला."

मी म्हणालो, "अशी कशी नेऊ? जावईबापूले काय सांगू? पंचवीसले तुहा कार्यक्रमच आहे, त्यायले इचारून तव्हा येजो."

"त्यायले इचारून इचारून दोन वर्षं झाले."

"मंग अजून दहा दिवस काढ."

तिनं फोटो माझ्या हातात दिला. पुण्याचा आहे, अंगावर अजून नंबराचा कागद टाचलेला, घामानं केस कपाळाला चिकटलेले. काय तेज आहे चेहऱ्यावर! बसमध्ये सारखा काढून पाहत होतो आणि अर्जुनरावांवर दात खात होतो. या वयात मला शंभर-सव्वाशे किलोमीटर हेलपाटा मारायला लावला, कशासाठी, तर पुराव्यासाठी. माझ्या पोरीवर गावानं केलेला अन्याय मी विसरणार नाही.

१८ जून

राणी लक्ष्मीबाईंचा स्मृतिदिन लिहिला. लगेच गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गोकुळनं टाकलं, 'फळा चुकला, काल होता.' त्याच्या मोबाइलवर रोज रंगीत चित्र येतं, खाली गुलाबाची फुलं, ते तो सगळ्यांना पाठवतो आणि स्वतःला इतिहासकार समजतो. मी वाचनालयातून दोन पुस्तकं आणून त्याच्या किराणा दुकानाच्या काउंटरवर आपटली. एकात सतरा निघाली आणि दुसऱ्यात अठरा. मग आणखीच भडकलो.

प्रतीक्षाचे दोन फोन येऊन गेले म्हणे. मी बाहेर होतो.

२१ जून

जिंकलो!

अर्जुनरावांनी प्रमाणपत्र उलटंसुलटं करून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं, नोट खोटी आहे का पाहतात तसं. मी सांगून टाकलं, सोमवारपासून फळा तुम्हीच लिहा. तेव्हा वठणीवर आले, कारण अर्जुनरावांचं अक्षर अर्जुनरावांनाही लागत नाही. असं ठरलं, की फक्त पंचवीस जूनला फळ्यावर चार ओळी. १९३२ आणि १९८३ एकाच ओळीत, १९७५ दुसरी, जयंती-पुण्यतिथी तिसरी, आणि चौथी माझी. कोरिया गेलं उडत.

वर कार्यक्रमही ठरला. सकाळी दहाला वाचनालयासमोर मांडव. शेषरावच्या काकांचा फोटो असेल तर प्रतीक्षाचाही असेल, त्यांचा सन्मान होईल तसाच तिचाही होईल, यावर मी अडून बसलो. शेषराव कुरकुरला, पण त्याला ऐकावं लागलं. तिच्या कर्तृत्वाला जरासुद्धा कमीपणा आलेला मी चालवून घेणार नाही.

घरी येऊन सत्यभामेला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "आन पोरगी कव्हा येऊन राह्यली?" मी म्हणालो, कार्यक्रमाचं बोलतो आहे मी. तिनं भाकरी अशी आपटली तव्यावर की काठ फाटला. या घरात कौतुक म्हणून कोणाला नाही.

२३ जून

ऑलिंपिक दिन. आजच शाळा उघडल्या. पोरं फळ्यापुढे थांबून वाचत होती, बरं वाटलं.

वरवट बकालला वांगी घेऊन गेलो होतो, तिथंच फोटो फ्रेम करायला टाकला. मोठा करून घेतला, सोनेरी पट्टीची फ्रेम. दुकानदारानं काच पुसताना विचारलं, "कोण होय?" मी अभिमानानं सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वाईट झालं भाऊ." का म्हणाला कोण जाणे. लोकांचं लक्ष नसतं.

संध्याकाळी प्रतीक्षाचा फोन. पंचवीसला अमावास्या आहे म्हणून सासूबाई नाही म्हणतात. हर्षलराव म्हणतात, दुकानात गर्दी आहे, आखाडात पाहू. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही एकदा त्यायले फोन करा. तुमचं नाई मोडनार."

मी म्हणालो, "त्यायचंबी बरोबर आहे माय, अमावास्येचं कायले निघतं? कार्यक्रम अडत नाई. फोटो आहे ना."

तिनं फोन ठेवून दिला. रेंज गेली असेल, चिखलीतही हल्ली तेच रडगाणं.

२४ जून

मांडव, सतरंज्या, खुर्च्या. ग्रामपंचायतीच्या भोंग्यातून नुसती खरखर. गोकुळनं ग्रुपवर कार्यक्रमाची पत्रिका टाकली, त्यात शेषरावचं नाव माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरात. भांडून बदलून घेतलं. झेंडूचे दोन हार सांगितले, एकाच मापाचे. शेषराव मोठा हार आणेल ही भीती होती.

२५ जून, बुधवार

आज अक्षर वाईट येईल.

पहाटेच फळा लिहिला. चौथी ओळ सगळ्यात शेवटी, पिवळ्या खडूनं. '२०१८ : सोनाळ्याची कन्या प्रतीक्षा हिनं राज्य मैदानी स्पर्धेत तीन हजार मीटर धावण्यात सुवर्णपदक पटकावलं.' लांब जाऊन पाहिलं, जवळ येऊन पाहिलं. सात वर्षांचं ओझं उतरलं.

दहाला लोक जमले. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर दोन फोटो. शेषरावच्या काकांचा आणि प्रतीक्षाचा. अर्जुनरावांनी दीपप्रज्वलन केलं आणि पुकारलं, "आता प्रतिमापूजन." शेषरावनं काकांच्या फोटोला कुंकू लावलं, हार घातला. मी प्रतीक्षाच्या फोटोला कुंकू लावलं, हार घातला, वर उदबत्ती ओवाळली. प्रत्येक जयंतीला हेच करतो, हात आपोआप चालतात. टाळ्या पडल्या. सत्यभामा बायकांत बसली होती, ती एकदम उठून उभी राहिली. मला वाटलं, पुढे येऊन ओवाळायचं आहे तिला.

अर्जुनराव बोलायला लागले, "प्रतीक्षा ही या गावची अत्यंत गुणी धावपटू होती."

मागून कोणीतरी वरवटकडची बाई, बाजाराला आलेली असणार, मोठ्यानं म्हणाली, "माय वं! केवढं होतं लेकरू? काय झालं होतं तिले?"

माझं डोकं सणकलं. मी माइक ओढून तिला झापणार, तेवढ्यात समोर एसटी थांबली. धूळ बसली तेव्हा दिसलं, प्रतीक्षा. खांद्याला पिशवी, पायात बूट. रात्री केव्हा निघाली, कुठे थांबली, देव जाणे. तिनं फळा वाचला. मग टेबलाकडे पाहिलं. फोटो, कुंकू, हार, उदबत्तीचा धूर.

आणि मी काय बोललो? माइक हातातच होता. मी ओरडलो, "अमावास्येचं काऊन निघाली व?" सगळ्या गावानं ऐकलं.

ती सरळ टेबलापाशी आली. फोटोवरचा हार काढला आणि माझ्या हातात दिला. "बाबा, मी मेली काय?"

मी म्हणालो, "तुहा मान होऊन राह्यला, येडे."

"दोन वर्षं झाले, मी म्हणून राह्यली, मले घरी न्या. तुम्ही मले भिंतीवर नेलं." मग फळ्याकडे गेली आणि चौथी ओळ तळहातानं पुसली. मी पहाटे उठून लिहिलेली. पिवळा डाग तेवढा राहिला. "पळणारी पोरगी पाह्यजे का फोटो पाह्यजे, थे सांगा. फोटो पाह्यजे असन त मी आल्या गाडीनं वापस जातो."

सत्यभामा पुढे आली, तिनं माझ्या हातातला हार हिसकून नालीत फेकला आणि पोरीला घेऊन घरी गेली. अर्जुनरावांनी घसा साफ करून आणीबाणीकडे वळण घेतलं. मी खुर्चीवर बसलो होतो. शेषराव माझ्याकडे पाहून गालात हसत होता, त्याच्या हसण्याचा मला इतका राग आला, की काय सांगू. मग त्या वरवटच्या बाईचा आला. मग फ्रेमवाल्याचा, त्याला ती गेली असं वाटलं होतं तर तोंड उघडून का नाही विचारलं? मग अर्जुनरावांचा, मुख्याध्यापक होते, त्यांना तरी समजायला नको होतं? घरी येईपर्यंत सगळं गाव संपलं, राग शिल्लकच होता.

ती जेवली आणि झोपली. दिवसाढवळ्या, भिंतीकडे तोंड करून.

२६ जून

शाहू महाराजांची जयंती लिहायला वाचनालयापाशी गेलो. तिथून हायस्कूलचं मैदान दिसतं. प्रतीक्षा एकटीच धावत होती.

जी पोरगी तीन हजार मीटर पळून, वर उभं राहून हसत फोटो काढायची, ती दुसऱ्या फेरीतच थांबली. गुडघ्यांवर हात टेकून वाकली. वाटलं पडते. मी खडू हातात घेऊन तसाच पाहत राहिलो. थोड्या वेळानं पुन्हा निघाली, पुन्हा थांबली. दुकानातला तो बिलांचा कोपरा माझ्या डोळ्यापुढे आला, आणि डोक्यावरचा पदर, आणि मी प्यायलेला उसाचा रस.

घरी आलो तर फोन वाजत होता. हर्षलराव. "मामा, झालं ते झालं. न सांगता अमावास्येची निघून गेली, आई लई नाराज आहे. तरी आम्ही काही मनात ठेवत नाही. उद्याच्या गाडीनं लावून द्या."

मी सवयीनं म्हणालो, "हाव जावईबापू."

प्रतीक्षा मैदानातून येऊन अंगणात उभी होती. अंग घामानं भिजलेलं, छातीचा भाता चाललेला. तिनं ते ऐकलं. वाकून बुटाची नाडी सोडायला लागली, सावकाश, जणू घाई संपली.

काय झालं मला सांगता येत नाही. मी फोनमध्ये ओरडलो, "ऐक बे हर्षल! थे येत नाई. भरती होयेपर्यंत इथंच राहीन, रोज धावंन, आन ट्रॅक पँट घालूनच धावंन, साऱ्या गल्लीनं पाहू दे! तुह्या आईले सांगजो. तुले बायको पाह्यजे असन त तू ये इथं, घड्याळ धरून उभा राहा मैदानात!"

तिकडून मामा, मामा चाललं होतं. मी फोन ठेवला. जावयाला अरे-तुरे आजवर कधी केलं नव्हतं. प्रतीक्षा माझ्याकडे पाहत होती, नाडी हातात तशीच. मग तिनं ती पुन्हा बांधली आणि परत मैदानाकडे निघून गेली.

सत्यभामा चहा घेऊन आली. माझ्यापुढे कप ठेवला आणि म्हणाली, "हा राग लग्नाच्या बैठकीत कुठी होता हो?"

मला तिचा असा राग आला, की चहा तसाच टाकून वावरात निघून आलो. इथं बांधावर बसून लिहितो आहे. म्हणे राग कुठे होता. बैठकीत ती स्वतः नव्हती का? आतल्या दारात उभी होती, डोळ्याला पदर लावून. मला वाटलं, पोरगी सासरी जाणार, आई रडणारच.